वह्या तपासायला केशरी शाई: आधी अनुस्वार दिसला पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: आठवी-नववीच्या मराठीच्या वह्या तपासताना लाल शाई नकोशी झाली आहे, मुलं लाल रंग पाहूनच वही मिटतात. म्हणून गेल्या वर्षी तुम्ही फोटो बघून एक केशरी शाई मागवली. दौतीत ती सुरेख दिसत होती, वहीवर मात्र हळदीच्या पाण्यासारखी उतरली आणि मुलं विचारायला लागली, “बाई, इथे काय लिहिलंय?” तुमच्याकडे दोन पेनं आहेत. एक बारीक निबचं लॅमी सफारी आणि दुसरं वडिलांचं ड्रॉपरने शाई भरायचं जुनं एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, पेन. आता कोणती शाई घ्यावी, आणि वडिलांच्या पेनात ती घातली तर चालेल का?

सत्तावीस वर्षं मी शाईची पेनं दुरुस्त करतोय, त्यामुळे उत्तर आधी देतो आणि कारणं मागाहून. शाई घ्या डायमाइन कंपनीची ‘ऑटम ओक’ नावाची, ३० मिलीची छोटी बाटली. आणि वडिलांच्या पेनात ती जरूर घाला. केशरी शाईसाठी तुमच्या दोन पेनांत तेच जास्त चांगलं आहे. फक्त आधी ते नीट धुवावं लागेल, ते कसं ते खाली सविस्तर लिहिलंय.

तुमची पहिली शाई फसली याचा दोष तुमच्या डोळ्यांना देऊ नका आणि कागदालाही देऊ नका. केशरी हा मुळातच उजळ रंग. निळी किंवा काळी शाई थोडी पातळ झाली तरी पांढऱ्या कागदावर वाचता येते, कारण कागद आणि अक्षर यांच्या उजेडात फरक भरपूर असतो. केशरीत तो फरक आधीच थोडा, आणि रंग पिवळ्याकडे झुकला की आणखी कमी होतो. आपल्या जुन्या पोथ्या आठवा. मजकूर काजळाच्या काळ्या शाईने, अध्यायाची समाप्ती किंवा महत्त्वाचे शब्द हिंगुळाच्या लालीने, आणि चूक झाली की तिच्यावर पिवळी हरताळ. हरताळ फासणे हा वाक्प्रचार तिथलाच. कागदाच्या पिवळट रंगात हरताळ मिसळून जायची आणि चूक दिसेनाशी व्हायची. तुमची केशरी शाई हिंगूळ आणि हरताळ यांच्या मधे कुठेतरी बसते. ती हरताळेच्या बाजूला सरकली की तुमचा शेराच पुसला जातो. गेल्या वर्षी तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

म्हणून केशरी शाई निवडताना “कोणता रंग सुंदर” हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न: अनुस्वार दिसतो का?

हे मी फार गंभीरपणे सांगतोय. इंग्रजीचा शिक्षक शब्दाखाली रेघ ओढतो, बाजूला अक्षर लिहितो. मराठीच्या शिक्षकाचं काम मात्र बरंचसं एका टिंबावर चालतं. मुलाने “त्याचा” लिहिलंय आणि हवंय “त्यांचा”. तुम्ही शिरोरेषेवर एक टिंब देता आणि अख्ख्या वाक्याचा अर्थ बदलतो. निब कागदाला अर्धा क्षण टेकते, उतरते ती शाई अगदी थोडी. रेघ फिकी असली तरी लांबीमुळे नजरेत भरते, टिंबाला तो आधार नसतो. शिवाय ते मुलाच्या निळ्या बॉलपेनच्या शिरोरेषेला चिकटून बसतं. जी केशरी शाई मोठ्ठ्या “छान!”मध्ये झकास दिसते, तीच अनुस्वारात पार गायब होते. तीच गोष्ट “आणी”चं “आणि” करताना. चुकीची वेलांटी खोडून दुसरी काढायची, म्हणजे मुलाच्या रेघेवर तुमची रेघ आलीच. उजळ केशरी निळ्यावर पडली की मळकट तपकिरी होते आणि दुरुस्ती कोणती, चूक कोणती ते कळत नाही.

तेव्हा कोणतीही शाई घ्यायच्या आधी तिचा नमुना मिळवा. २ ते ५ मिलीच्या कुप्या विकणारे आता आपल्याकडेही आहेत, नाहीतर शाईचं वेड असलेल्या एखाद्या मित्राकडून ड्रॉपरभर मागा, तो आनंदाने देईल. मग एखाद्या विद्यार्थ्याची जुनी वही घ्या, तुमची ठेवणीतली चांगली डायरी नको. निळ्या बॉलपेनच्या दोन ओळी आणि पेन्सिलच्या दोन ओळी निवडून त्यांच्यावर दहा-बारा अनुस्वार द्या, चार वेलांट्या दुरुस्त करा, समासात एक शेरा लिहा. वही हातभर लांब धरा. आधी ट्यूबलाइटखाली पाहा, मग घरातल्या पिवळ्या दिव्याखाली. रात्री जेवणानंतर वह्या तपासत असाल तर ही दुसरी चाचणी अजिबात चुकवू नका. पिवळ्या उजेडात कागदच पिवळट दिसतो आणि हळदीकडे झुकणारं केशरी त्यात विरघळून जातं. शेवटी त्या पानाचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेला की उरतो तो निव्वळ उजेड-अंधाराचा फरक. त्या फोटोत तुमचा अनुस्वार मुलाच्या पेन्सिलीइतका तरी गडद दिसला तर शाई कामाची. माझ्या टेबलावर मी आजही हेच करतो, त्याच्याइतकी खरी कसोटी मला दुसरी सापडलेली नाही.

आता रंगांविषयी. शाईच्या बाटल्यांवरची नावं फसवी असतात, आपल्या भाषेतली नावं मात्र या कामाला फार उपयोगी पडतात. हळदी, झेंडूचा, प्राजक्ताच्या देठाचा, शेंदरी, विटकरी, तांबूस, अशी ओळ मनात लावा. डावीकडून उजवीकडे जाल तसं वाचणं सोपं होत जातं आणि केशरीपणा हळूहळू कमी होतो. तुम्हाला हवी ती जागा प्राजक्ताचा देठ आणि वीट यांच्या दरम्यान आहे.

अगदी डावीकडे नूडलर्सची अपाची सनसेट. अमेरिकेतली ही शाई रंगाच्या चढउतारासाठी प्रसिद्ध आहे. एकाच अक्षरात पिवळ्यापासून तांबड्या केशरीपर्यंत जाते, रुंद निबमध्ये तर बघत राहावं अशी. देवनागरीत तिची गंमत आणखी खुलते. शिरोरेषा डावीकडून ओढत नेली की शाई उजव्या टोकाला साठते, म्हणजे रेघ पिवळी सुरू होऊन शेवटी शेंदरी होते. मित्राला पत्र लिहायला मी हीच घेतो. पण तुमच्या बारीक निबमध्ये ती नुसती पिवळट उतरेल आणि चांगल्या कागदावर वाळायलाही वेळ घेईल. वह्यांसाठी नको.

फ्रान्सच्या जे. एर्बांची एक शाई आहे, ‘ओरांज आंदियां’, म्हणजे भारतीय नारिंगी. नाव ऐकून घ्यावीशी वाटेल. रंग भाजलेला, थोडा मातकट, दिसायला फार देखणा, पण पातळ आहे. ओल्या, म्हणजे भरपूर शाई सोडणाऱ्या, पेनात चालते, कमी सोडणाऱ्या कोरड्या पेनात फिकी पडते. डायमाइनची पम्पकिन नावाप्रमाणे भोपळ्याची, ठसठशीत आणि तेजस्वी. दुरूनही दिसते. वर्गात फळ्याजवळ उभं राहून मुलाची वही उंच धरून दाखवायची असेल तर हिच्यासारखी नाही. मात्र हिच्यात रंग इतका भरलेला असतो की पेन दोन दिवस पडून राहिलं तर निबच्या चिरेभोवती केशरी खडबडीत पापुद्रा धरतो. तो हाताने खरवडू नका, ओल्या सुती कापडाने टिपला की निघतो. पेन बिघडलंय असं समजून लोक माझ्याकडे घेऊन येतात, मी कापड फिरवतो आणि परत देतो. याचे पैसे मी घेत नाही.

पायलटच्या इरोशिझुकु मालिकेत दोन आहेत. यू-याके म्हणजे संध्याकाळचं आभाळ, आणि फुयु-गाकी म्हणजे हिवाळ्यातलं पिकलेलं काकी (पर्सिमन) फळ. फुयु-गाकी इतकी तांबडी आहे की मुलांना ती लालच वाटेल, म्हणजे तुमचा मूळ हेतूच बुडाला. यू-याके मात्र आजवर वापरलेल्या केशरी शायांत वागायला सर्वांत सालस. निबवर खपली धरत नाही, अडखळत नाही, धुतली की लगेच निघते. किंमत जास्त आहे. वर्षाला शेकडो वह्या तपासायच्या म्हणजे बाटली संपणार, म्हणून तुम्हाला मी ती पहिली सुचवली नाही. कुणी भेट द्यायचं म्हणालं तर हीच मागा.

राहिली ऑटम ओक. केशरीच आहे, पण विटेकडे एक पाऊल टाकलेली. साध्या आखीव वहीवर अनुस्वार स्पष्ट राहतो, पिवळ्या दिव्याखालीही टिकतो आणि लाल मुळीच वाटत नाही. मी ती आधी सांगितली ती एवढ्यासाठी. याच कंपनीची एन्शंट कॉपर आणखी तांबूस आहे आणि तिचेही चाहते पुष्कळ, पण ती निबवर पम्पकिनपेक्षाही जास्त खपली धरते आणि तिचा कल केशरीपेक्षा तांब्याकडे जास्त आहे.

शाई जितकी महत्त्वाची, तितकंच पेन. तीच शाई बारीक आणि कोरड्या निबमधून फिकी दिसते, मध्यम आणि ओल्या निबमधून दोन छटा गडद. सफारीची निब घरी बदलता येते. निबवर चिकटपट्टी घट्ट लावून सरळ पुढे ओढली की निघते, दुसरी तशीच सरकवून बसवायची. बारीकऐवजी मध्यम निब घ्या. नवं पेन घेण्यापेक्षा हा खर्च फार कमी आहे. फक्त निब ओढताना वाकडी फिरवू नका.

आता वडिलांचं पेन. याच्यावर थोडं जास्त लिहितो, कारण अशी पेनं माझ्या हातून हजारांनी गेली आहेत आणि त्यांच्याविषयी मला फार वाटतं.

ड्रॉपरने भरायच्या एबोनाइटच्या पेनात निबखालचा काळा दांडा, म्हणजे फीड, बहुधा एबोनाइटचाच असतो. एबोनाइट शाईला धरून ठेवतं आणि भरपूर सोडतं. अशी पेनं ओली लिहितात. शाळेत असताना निळ्याचे डाग पाडणारा तोच गुण आता केशरीला तारतो. शाई दाट उतरते, टिंब भरीव पडतं. बाहेरचं अंग काळं असेल तर डागांचीही भीती नाही. सफारीचं पारदर्शक मॉडेल असतं तर मी सावध केलं असतं, कारण केशरी आणि लाल रंग काचेसारख्या प्लास्टिकमध्ये कायमचे बसू शकतात.

अडचण एकच. त्या पेनात वीस-तीस वर्षं निळी शाई राहिली असणार. फीडच्या बारीक खाचांत ती वाळून बसलेली असते. त्यावर केशरी घातली की पहिले काही दिवस शेवाळलेला तपकिरी रंग येईल आणि तुम्ही शाईला नावं ठेवाल. म्हणून निबचा भाग फिरवून सोडवा. निब आणि फीड मात्र बाहेर ओढू नका, जुनं एबोनाइट ठिसूळ झालेलं असू शकतं. तो भाग साध्या गार पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी बदला, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाका, पुन्हा काही तास. मग रबरी पिचकारीने आतून पाणी ढकला. कोमट किंवा गरम पाणी अजिबात वापरू नका. गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग उडून ते मळकट तपकिरी-हिरवट होतं आणि ते परत काळं होत नाही. एका गृहस्थांनी वडिलांचं पेन असंच उकळत्या पाण्यात टाकलं होतं. माझ्याकडे आणलं तेव्हा निब ठीक होती, पण अंगावर जणू शेवाळ चढलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

धुणं कधी पुरं झालं हे पाहायला टिपकागद घ्या. निब त्याच्यावर टेकवून ठेवा. नुसतं स्वच्छ पाणी पसरलं तर झालं. कडेला निळसर कडी दिसली तर पुन्हा भिजवा. माझ्याकडच्या एका पेनाला यासाठी आठ दिवस लागले होते.

पेन भरताना अर्ध्याच्या वर भरा आणि पाव भागापर्यंत उतरलं की पुन्हा भरा. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई पुढे ढकलते. म्हणून कमी शाई असलेलं ड्रॉपरचं पेन अचानक थेंब टाकतं. तुमच्या हातात ते तासभर राहणार आहे आणि समोर दुसऱ्याच्या मुलाची वही आहे, तेव्हा हा नियम पाळाच. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं पातळ बोट फिरवा, गळती थांबते.

टोपण घट्ट बसत नसेल तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. पंधरा दिवसांत शाई गडद होत जाईल. पाणी उडतं आणि रंग मागे राहतो. आपल्या आजोबांना हे चांगलं माहीत होतं. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत जो व्यवसाय सुरू केला, पुढे ज्याचं कॅम्लिन झालं, तो शाईच्या पुडी आणि गोळ्यांपासूनच सुरू झाला होता. पाण्यात गोळी घातली की शाई दाट की पातळ हे घरातला माणूसच ठरवायचा. केशरीत या दाटपणावर सगळं अवलंबून असतं. फार दाट झाली आणि निब अडखळायला लागली तर एक-दोन थेंब स्वच्छ पाणी घाला, त्याने काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दुकानात “केशरी शाई आहे का” असं विचारलं की कधीकधी ड्रॉइंग इंकची छोटी बाटली हातात ठेवतात. ती चित्रकलेची, पाण्याने न निघणारी शाई असते. पेनात एकदा वाळली की पुन्हा विरघळत नाही. गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या एका बाईंचं पेन आलं, त्यात अशीच शाई होती. फीडच्या खाचा लाखेने भरल्यासारख्या बुजल्या होत्या. चार दिवस भिजवून, मग बारीक पात्याने एकेक खाच मोकळी करत बसलो. पेन वाचलं, निबचा मुलामा मात्र गेला. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती पेनात जाता कामा नये.

घरी लाल आणि पिवळी मिसळून केशरी करता येईल का, असंही तुमच्या मनात असेल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका. दोन्ही एकमेकींशी पटल्या नाहीत तर तळाशी गाळ बसतो आणि तो थेट फीडमध्ये जातो. प्लॅटिनमच्या मिक्स फ्री मालिकेतल्या शाया मिसळण्यासाठीच केल्या आहेत, त्यात पिवळी आणि लाल दोन्ही आहेत. आवड म्हणून तो खेळ जरूर करा. आधी पिवळी, मग एकेक थेंब लाल, उलटं कधीच नाही. लालच्या एका जादा थेंबाने जे होतं ते निस्तरायला वाटीभर पिवळी लागते.

निकालपत्रक, हजेरीपट, दाखले यांवर केशरी वापरू नका. बहुतेक केशरी शाया पाण्याने धुऊन जातात आणि उन्हात फिकट होतात. झेरॉक्समध्ये तर पुसट राखाडी येतात. चेकवरही नको. बँका आता चेकची प्रतिमा काढून पुढे पाठवतात, आणि प्रतिमेत स्पष्ट उमटेल अशीच शाई वापरा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. वह्यांमध्ये मात्र मुलांची पाण्याची बाटली सांडली तर शेरा जाईल एवढंच. तो तुम्ही पुन्हा लिहाल.

वही तपासून लगेच मिटत असाल तर समोरच्या पानावर ठसा उमटेल. वडिलांचं पेन ओलं लिहितं, तेव्हा हा त्रास सफारीपेक्षा जास्त होईल. वहीच्या मापाचा टिपकागद कापून ठेवा आणि प्रत्येक पानावर ठेवून तळहाताने एकदाच दाबा, घासू नका. घासला की अनुस्वाराची शेपटी होते.

मेच्या सुटीआधी दोन्ही पेनं रिकामी करून धुवा, निब खाली करून पेल्यात दोन दिवस ठेवा म्हणजे उरलेलं पाणी उतरेल, आणि कोरडी झाल्यावर मगच टोपण लावा. भरलेलं पेन मे महिन्याच्या उन्हाळ्यात कपाटात राहिलं तर जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ते आधी माझ्याकडे येईल आणि मग तुमच्या वह्यांकडे. बाटली कपाटातच असू द्या, उजेडापासून लांब. पावसाळ्यात उघडताना एकदा वास घ्या आणि वर तरंगणारा पातळ पडदा दिसतो का ते पाहा. दिसला तर ती बुरशी आहे. अशी शाई गाळून घ्यायच्या फंदात पडू नका, ती मोरीत ओता आणि नवी बाटली आणा.